18 दिवसांनी घेतलेला जबाब

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लहान मूल उभं राहिलं की कठड्यावरून नुसते केस दिसतात. मग कुणीतरी स्टूल आणून देतं. न्यायाधीश आधी खटल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. नाव काय? कितवीत आहेस? खोटं बोलावं का? प्रश्नही नोंदवले जातात आणि उत्तरंही. 12 वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथ देत नाहीत, पण साक्ष चालते. प्रश्न समजावा आणि नीट उत्तर देता यावं, एवढीच कायद्याची अट. साक्षीदाराला किमान वय नाही.

(दृश्य बदल : रात्र, शेत.)

मध्य प्रदेशातलं एक खेडं. जुलै 2003. एका बाईचा घरात जीव गेला आणि नवऱ्याने रात्रीतच तिला शेतात अग्नी दिला. माहेरी निरोप नाही. शवविच्छेदनाला देहच उरला नाही. पाहणारी एकच होती, 7 वर्षांची लेक. बापाने आईचा गळा पायाने दाबला, असं तिने सांगितलं. पोलिसांनी मात्र तिचा जबाब लिहून घेतला तो 18 दिवसांनी.

पुढची सगळी लढाई या 18 दिवसांवरून झाली. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. जबाब उशिराचा, मधल्या काळात मुलगी आजोळी, तेव्हा पोर पढवलेली असू शकते.

ही शंका काही हवेतली नव्हती. तमिळनाडूतल्या एका खुनात फिर्याद 20 तासांनी नोंदली गेली होती, आणि पोलीस ठाणं होतं अवघ्या 2 मैलांवर. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आरोपीला सोडलं. वेळ जातो तशी हकिगतीत भर पडते, माणसं विचार करून नावं घालतात, हे त्यामागचं कारण. बचाव पक्षाचे वकील आजही तो निकाल हाताशी ठेवतात.

पण तिथे ठाणं गाठणं मोठ्या माणसांच्या हातात होतं. इथे 7 वर्षांच्या पोरीने ठाण्यात जाऊन ‘माझा जबाब घ्या’ म्हणायचं होतं का? उशीर का झाला, हे विचारायचं तर तपासी अंमलदाराला विचारा.

24 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती मिश्रा यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. पोलिसांच्या ढिलाईपायी मुलीची साक्ष बाद होत नाही. पढवल्याचा संशय असेल, तर तिचं सांगणं उलटतपासात टिकलं का आणि बाकीच्या गोष्टींशी जुळतं का, हे तपासायचं. रात्रीत गुपचूप उरकलेला अंत्यविधी तिच्याच सांगण्याशी जुळत होता.

आणि नवरा? घराच्या चार भिंतींत काय झालं ते घरातल्याला ठाऊक, तेव्हा खुलासा त्याने द्यायचा. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 106, नव्या साक्ष्य अधिनियमात 109. आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ‘बायकोला साप चावला’ असं सांगण्यात आलं होतं. शवविच्छेदनात निघालं, गळा दाबलेला. 2006 च्या त्या निकालाने हे कलम घरातल्या खुनांना घट्ट बसवलं. अर्थात आधी सरकार पक्षाने पायाभूत पुरावा उभा करायचा. तो नसेल तर नवरा गप्प बसला म्हणून दोषी ठरत नाही. घाईत वाचणारे नेमकं हेच विसरतात.

एक हिशेब मात्र राहिला. 18 दिवसांचा जाब तपासी अंमलदाराला विचारता आला. 2010 ते 2025, या 15 वर्षांसाठी पिंजऱ्यात कुणाला बोलवायचं?

आरोपीला शरण यायला 4 आठवडे मिळाले. तोवर ती मुलगी तिशीला टेकली होती.