कुठला आय-सेव्हन?

(दादरला विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित लेखरूप)

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकांच्या दुकानांतून दोन कोटेशन घेऊन माणसं येतात. एका कागदावर लॅपटॉप, त्यात कोअर आय-७ हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. दुसऱ्यावर असेंबल केलेला डेस्कटॉप, कोअर आय-५. किंमत जवळपास सारखी असली की पालक म्हणतात, सात पाचापेक्षा मोठे, मग लॅपटॉपच घेऊ. मी त्यांना पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर वाचायला सांगतो, कारण खरी माहिती तिथेच असते.

उदाहरणाला आय५-१३४०० आणि आय७-१३५५यू घ्या. पहिला डेस्कटॉपचा, दुसरा लॅपटॉपचा; शेवटचं यू म्हणजे कमी विजेत चालणारा. दोन्ही इंटेल कंपनीचे, दोन्ही तेराव्या पिढीचे, दोघांनाही दहा कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दहा स्वतंत्र भाग. पण डेस्कटॉपच्या दहांत सहा मोठे, जोरकस आणि चार लहान, कमी वीज खाणारे. लॅपटॉपच्या दहांत मोठे दोनच, बाकी आठ लहान. डेस्कटॉपची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट, जोर लावला तर १४८. लॅपटॉपची १५, जोर लावला तर ५५. आता याच्या उलट जाणारा आकडा बघा. एका कोअरचा कमाल वेग डेस्कटॉपचा ४.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४.६ अब्ज ठोके, आहे आणि लॅपटॉपचा ५. म्हणून फाइल उघडणं, वेबपान येणं अशा क्षणभराच्या कामात लॅपटॉप मुळीच मागे पडत नाही. दुकानात पाच मिनिटं हाताळून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही असतं. घरी नेऊन अर्ध्या तासाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की चित्र पालटतं. सगळे कोअर एकदम कामाला लागतात, जोराची मुदत बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते आणि पातळ लॅपटॉप आपल्या खालच्या वीजमर्यादेकडे उतरतो. डेस्कटॉपचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, मोठा, पंखाही मोठा. तोही मूळ मर्यादेकडे उतरू शकतो, पण ती ६५ वॅटची असल्याने त्याचा वेग बराच टिकून राहतो.

एकच चिप दोन ठिकाणी बसवली तर काय होतं, हे २०२० मध्ये ॲपलच्या एम-१ या प्रोसेसरने स्वच्छ दाखवलं. मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये पंखाच नाही, मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपमध्ये आहे. छोट्या कामात दोघांत फरक जाणवत नाही. लांबलचक कामात एअर तापते आणि वेग कमी करते, मिनी करत नाही. म्हणजे प्रोसेसरची तुलना करताना आपण त्याच्याभोवतीच्या डब्याचीही तुलना करत असतो.

पण लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे दुय्यम माल, असं कृपा करून समजू नका. याचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर, ११५ वॅटवर जाऊन अडकला. ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती कंपनीने त्याच वर्षी रद्द केली. त्याआधी २००३ मध्ये इस्राएलमधल्या हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी पेंटियम एम काढला होता. त्याचा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जेमतेम २४.५ वॅटमध्ये चाले आणि दर ठोक्याला पेंटियम ४ पेक्षा जास्त काम करी. २००६ मध्ये इंटेलचा कोअर २ प्रोसेसर आला आणि डेस्कटॉपवर बसला, तो याच घराण्यातला. कमी विजेत काम करण्याची सक्ती होती, म्हणून ती रचना जिंकली.

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. चिपची वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे शेवटचे दोनतीनशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. मर्यादेजवळ चालणाऱ्या चिपचे वॅट निम्मे केले, तरी काम निम्म्यावर येत नाही. चांगल्या लॅपटॉपची सगळी किमया याच उतारावर उभी आहे.

इंटेलचे नावात एचएक्स असलेले लॅपटॉप प्रोसेसर तर मुळात डेस्कटॉपचेच असतात. आय९-१४९००एचएक्समध्ये आय९-१४९००केसारखेच २४ कोअर आहेत. फक्त कमाल वीज २५३ऐवजी १५७ वॅट. असे लॅपटॉप जाड, जड आणि महाग असतात. विरारहून रोज लोकलने येणाऱ्या मुलाच्या पाठीवर मी तो घालणार नाही.

आपल्या हवेचाही विचार करा. परीक्षणं बहुतेक वातानुकूलित खोलीत होतात. मे महिन्यात परळच्या खोलीत पारा तेहतीसवर असतो. हे प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या आसपास स्वतःला आवर घालतात. खोलीच दहा अंशांनी जास्त गरम असेल, तर ती दहा अंशांची मोकळीक आधीच गेलेली असते. लॅपटॉपला हे जास्त बोचतं, आणि गादीवर ठेवून खालची जाळी बंद केली तर आणखीच.

माझं स्पष्ट मत: यंत्र घरातून हलणार नसेल आणि टेबलाला जागा असेल, तर डेस्कटॉप घ्या. पुढे रॅम वाढवता येते, पंखा बदलता येतो. मात्र एका खोलीत चौघं राहत असतील, अभ्यास कधी घरी, कधी वाचनालयात होत असेल, तर लॅपटॉप हाच योग्य निर्णय आहे. संकोच नको. फक्त व्हिडिओ किंवा थ्रीडीचं काम असेल तर यूऐवजी जास्त वीज घेणारी एच मालिका बघा आणि थोडं जाड मॉडेल निवडा.

दुकानदाराला सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, चालवायला सांगा आणि दहा मिनिटांची चाचणी पुरी होऊ द्या. एकाच फेरीचा आकडा घेऊन उठू नका. मग चार्जर काढून तीच चाचणी पुन्हा लावा. बरेच विंडोज लॅपटॉप बॅटरीवर वेग बराच उतरवतात, आणि तुमच्या मुलाच्या वर्गात प्रत्येक बाकाजवळ प्लग नसतो.