दडवलेली टेप: रुबिन कार्टरचा खटला

१७ जून १९६६. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं पॅटरसन शहर. पहाटेचे अडीच. लाफायेत बार अँड ग्रिलमध्ये दोन बंदूकधारी घुसतात, गोळ्या झाडतात आणि पसार होतात. दोघे जागीच ठार. जखमी झालेली एक महिला महिन्याभराने दगावते. वाचलेल्या चौथ्याचा एक डोळा जातो.

पोलीस शोधत होते एक पांढरी गाडी आणि दोन कृष्णवर्णीय पुरुष. त्यांनी अडवली रुबिन 'हरिकेन' कार्टरची गाडी. मिडलवेट गटातला नावाजलेला बॉक्सर. १९६३ मध्ये एमिल ग्रिफिथला त्याने पहिल्याच फेरीत आडवं केलं होतं. सोबत १९ वर्षांचा जॉन आर्टिस. दोघांना हॉस्पिटलात, त्या जखमी माणसापुढे उभं केलं. 'हेच ते' असं तो म्हणाला नाही. दोघांना सोडून दिलं.

ऑक्टोबरमध्ये मात्र अटक झाली. साक्षीदार कोण? त्या रात्री शेजारच्या कारखान्यात चोरी करायला आलेले दोन भुरटे चोर, बेलो आणि ब्रॅडली! १९६७ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरीने कार्टर आणि आर्टिसला दोषी ठरवलं. जन्मठेप.

१९७४ मध्ये दोन्ही साक्षीदारांनी जबाब फिरवला. बेलोला दिलेल्या आश्वासनांची टेप सरकारी पक्षाने दडवून ठेवली होती, तीही उजेडात आली. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण त्याच वर्षी फेरखटल्यात बेलो पुन्हा पलटला आणि सरकारी पक्षाने वांशिक सूडाची गोष्ट रचली. पुन्हा जन्मठेप.

इथे आर्टिसकडे बघायला हवं. कार्टरविरुद्ध बोललास तर सुटशील, असं आमिष आपल्याला दाखवलं गेलं, हे त्याने पुढे सांगितलं. ऐन विशीतला तो पोरगा बधला नाही. १९८१ मध्ये पॅरोल मिळेपर्यंत त्याने तुरुंगच पत्करला.

कार्टरने कैद्याचे कपडे अंगाला लावू दिले नाहीत. कायद्याची पुस्तकं पालथी घातली. टोरोंटोतल्या काही कॅनेडियन लोकांनी आणि लेझरा मार्टिन या ब्रुकलिनच्या मुलाने त्याच्यासाठी जिवाचं रान केलं.

नोव्हेंबर १९८५. फेडरल न्यायाधीश सॅरोकिन यांनी शिक्षा रद्द केली. दोषी ठरवणारा तो निकाल विवेकावर नव्हे, वर्णद्वेषावर उभा आहे, आणि पुरावे दडवून मिळवला आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. बेलोच्या पॉलिग्राफ (खोटं पकडण्याच्या) चाचणीतला निष्कर्षही बचाव पक्षाला कळू दिला नव्हता. सरकार अपिलात गेलं, हरलं. १९८८ मध्ये आरोप मागे घेतले गेले. तिसरा खटला झालाच नाही, म्हणून 'निर्दोष' असा निकाल कोर्टाकडून दोघांना कधीच मिळाला नाही.

कार्टर पुढे टोरोंटोत राहून चुकीच्या शिक्षा भोगणाऱ्यांसाठी लढला. २०१४ मध्ये कर्करोगाने तो गेला, त्या शेवटच्या आजारपणात त्याचं सगळं करायला जॉन आर्टिस होता.