नुसतं पिळून द्या

श्रोतेहो, नमस्कार. हातानं कपडे धुण्यापेक्षा मशीन बरं का, असा विषय निघाला की सगळे पाणी, पावडर आणि लाइट बिलावर येतात. मी एवढंच म्हणेन की धुण्यातलं खरं जड काम घासणं नाही, पिळणं आहे. पुन्हा सांगते, पिळणं.

आमची आत्या रत्नागिरीजवळ राहायची. ऐन आषाढात तिच्या मुलानं मुंबईहून दोन टाक्यांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन पाठवलं, एका टाकीत धुणं, दुसरीत पिळणं. आत्यानं ते पडवीत ठेवून घेतलं, त्यावर टॉवेल घातला आणि स्वतः विहिरीजवळच्या दगडावर कपडे आपटत राहिली. "कॉलर काय मशीन चोळणार?" हा तिचा सवाल. तो चुकीचा नव्हताच. कॉलर आजही आधी हातानंच चोळावी लागते.

पण पाऊस थांबेना. दांडीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले, पोरांच्या गणवेशाला कुबट वास. एका सकाळी शेजारच्या वहिनी धुतलेला गणवेश घेऊन आल्या, "आत्या, धुवू नका, नुसतं पिळून द्या." पाच मिनिटांत शर्ट असा निघाला की पंख्याखाली तासाभरात अंगात घालता आला. दुसऱ्या दिवशी पडवीत बादल्यांची रांग! धुणं ज्याचं त्याच्या दगडावर, पिळणं आत्याकडे. मशीनच्या धुण्याच्या टाकीत आत्या चिमटे ठेवायची.

मग कुणीतरी गोधडी आणली. कोंबली एका बाजूला, झाकण लावलं, बटण फिरवलं. मशीन धडधडलं आणि थेट अंगणाकडे चालू लागलं. "अगो बाय, धरा त्याला!" आत्या ओरडतेय, दोन पोरं मशीनला मिठी मारून, आणि बटण बंद करायचं कुणालाच सुचेना. शेवटी कोकणात पावसाळ्यात जे होतं तेच झालं. लाइट गेली. मशीन उंबऱ्याशी थांबलं.

तर स्पिनर, म्हणजे ही पिळायची टाकी, करते काय? आतलं भांडं मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेतं आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. ओली चादर मनगटानं पिळणाऱ्या बाईला याचं मोल सांगायला नको. पाणी तापवणाऱ्या मशीनमध्ये ६० अंशांवर चादरी धुतल्या, तर धुळीतले बारीक किडेही मरतात. हातानं एवढ्या कढत पाण्यात धुणार कोण?

   

मुद्दा पिळण्याचा. गोधडी, चादर घालायची तर कडेनं गोल, सगळीकडे सारखी बसवा. आणि भांडं पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नका, कितीही घाई असली तरी.