सुरुवात निळ्या दाढीची, शेवट श्वापदाचा

(दृश्य: लांब बोळ. टोकाला छोटं दार. किल्ल्यांचा आवाज.)

नवरा परगावी निघालाय. निघताना त्याने घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा नव्या नवरीच्या हातात दिलाय. कपाटं उघड, पेट्या उघड, मैत्रिणींना बोलव, हवी तशी राहा. फक्त बोळाच्या टोकाची ती खोली उघडायची नाही. आणि त्या खोलीची किल्लीही त्याने तिच्याच हाती ठेवलीय.

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली छापलेली ही गोष्ट. आजच्या ‘डार्क रोमान्स’ कादंबऱ्यांची, म्हणजे धोकादायक नायकाच्या प्रेमकथांची, सुरुवात इथून येते. नवरा गडगंज श्रीमंत, पण त्याची दाढी निळी. याआधी त्याची बरीच लग्नं झालेली. त्या बायकांचं पुढे काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. नवरी अर्थातच दार उघडते. आत साकळलेलं रक्त आणि भिंतीलगत आधीच्या बायकांची प्रेतं. तिच्या हातून किल्ली खाली पडते. तिला लागलेलं रक्त ती पुसते, धुते, वाळूने घासते. किल्ली मंतरलेली आहे. एका बाजूचा डाग गेला, की तो दुसऱ्या बाजूला उमटतो.

नवरा परततो. किल्ली मागतो. तलवार उपसतो. ऐन वेळी तिचे दोन भाऊ घोडे फेकत येतात आणि त्याचा निकाल लावतात. सगळी संपत्ती तिच्याकडे येते. त्यातून ती बहिणीचं लग्न लावते, भावांना सैन्यात कप्तानपद मिळवून देते, आणि उरलेल्या पैशांवर एका भल्या माणसाशी स्वतः संसार थाटते. भलताच व्यवहारी शेवट! गंमत पुढे आहे. गोष्टीखाली पेरोने दोन तात्पर्यं जोडलीत, आणि पहिलं आहे कुतूहलाबद्दल: फार चौकशी केली की पस्तावायची वेळ येते. इतके खून करणाऱ्या माणसाबद्दल त्या तात्पर्यात अवाक्षर नाही.

(दृश्य: बर्फात एकच गुलाब. मागे दिवे लागलेला वाडा.)

आता दुसरा वाडा. बाप दुसऱ्याच्या बागेतून गुलाब तोडतो आणि त्या गुलाबाच्या बदल्यात त्याच्या मुलीला एका श्वापदाच्या घरी जावं लागतं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांनी १७४० साली ती लांबलचक लिहिली. पुढे इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या मुलींना शिकवणाऱ्या मादाम लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ साली ती छाटून मुलींसाठी बेताची केली. छाटणीत एक फार महत्त्वाचा बदल झाला. व्हिलनव्ह यांचं श्वापद रोज रात्री तिला सरळ विचारतं, माझ्यासोबत झोपशील का? बोमाँ यांचं श्वापद विचारतं, माझ्याशी लग्न करशील का? दोन्हीकडे ती नाही म्हणते आणि श्वापद मुकाट निघून जातं.

बोमाँ यांच्या कथेत तर ते एकांतातल्या पहिल्याच भेटीत सांगतं, या घरची मालकीण तू आहेस, माझा त्रास वाटला तर जा म्हण, मी लगेच जाईन. पुढे बाप आजारी पडतो, तेव्हा ते तिला आठ दिवसांसाठी माहेरी पाठवतं. ती परतली नाही, तर आपण झुरून मरू, हे त्याला माहीत असतं. तरीही पाठवतं. ती ठरलेल्या दिवशी येत नाही. उशिरा येते, पण स्वतःच्या मनाने येते. शाप सुटतो तो या येण्यानंतर.

लोककथांच्या अभ्यासकांनी जगभरच्या गोष्टींना क्रमांक दिलेत. त्या सूचीत निळी दाढी आहे ३१२ व्या क्रमांकावर, आणि श्वापद ४२५ च्या घराण्यात. दोन वेगळे कथाप्रकार. सुरुवात मात्र सारखीच: अनोळखी श्रीमंत माणूस, एकाकी वाडा, तिथे एकटी मुलगी. हा माणूस श्वापद दिसतो पण आतून भला आहे, की भला दिसतो पण आतून खुनी आहे, हे तिला आधी कळायला मार्ग नाही. ज्या काळात नवरा लग्नानंतरच कळायचा, त्या काळातल्या मुलींच्या पोटातली ही भीती आहे. पहिल्या बायका मेल्या म्हणजे खूनच झाला असला पाहिजे असंही नव्हतं. बाळंतपणात बायका सर्रास दगावत.

आज ज्याला डार्क रोमान्स म्हणतात, त्या प्रकाराने या दोन गोष्टींची सांधेजोड केली आहे. सुरुवात घेतली निळ्या दाढीची: अपहरण, कुलूप, पाळत, हाताला रक्त लागलेला नायक. शेवट घेतला श्वापदाचा: तिच्या प्रेमाने तो बदलतो. मधला एक प्रसंग मात्र बहुतेक वेळा गळतो, तिला जाऊ देण्याचा. माझ्या मते अशी गोष्ट जमली की फसली, हे तिथेच ठरतं. कुलूप न उघडता मिळालेला होकार श्वापदाच्या गोष्टीतला होकार नसतो.

ही सांधेजोड आजची नाही. व्हिलनव्ह यांची कथा आली त्याच १७४० साली लंडनमध्ये सॅम्युएल रिचर्डसन यांची ‘पामेला’ आली. मालक पंधरा वर्षांच्या मोलकरणीमागे लागतो, तिला फसवून दूरच्या घरात डांबतो, तिची पत्रं चोरून वाचतो. आणि तीच पत्रं वाचून त्याचं मन पालटतं, दोघांचं लग्न होतं. पुस्तक तुफान खपलं. त्याची टिंगलही तितकीच झाली.

(दृश्य: वादळी रात्र. वरच्या मजल्यावर हलणारा दिवा.)

यानंतर सर्वांत हुशारीने हा सांधा जुळवला १८४७ साली शार्लट ब्राँटे यांनी, ‘जेन एअर’मध्ये. नायिका जेन एका वाड्यात शिक्षिका म्हणून येते. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरचा बोळ पाहते, तेव्हा तिला निळ्या दाढीवाल्याचा किल्लाच आठवतो. लेखिका पत्ते उघडेच टाकते. वर खरोखर एक बायको कोंडलेली आहे, जेनचं ज्याच्याशी लग्न ठरलंय त्या वाड्याच्या मालकाची. पण हे कळल्यावर जेन काय करते? रात्रीतून निघून जाते. पुढे तिला काकाचा वारसा मिळतो, वीस हजार पौंड. त्याचे ती चार वाटे करते आणि आपल्या पाच हजारांवर स्वतंत्र होते. वाडा जळालेला असतो. मालक आंधळा झालेला, एक हात गमावलेला. ती परतते ते यानंतर. माहेरी जाऊन आपल्या पायांनी परतलेली श्वापदाची नायिका ती हीच. तिच्या नावावर पैसे तेवढे वाढले. वर कोंडलेल्या त्या पहिल्या बायकोला मात्र सुटका नाही. तिच्या मरणावरच हा संसार उभा राहतो, आणि मला ते आजही खुपतं.

बेडकाला चुंबन देऊन राजपुत्र मिळतो, हेही आपण गृहीत धरतो. जर्मन ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहातली पहिलीच गोष्ट काढून बघा. राजकन्या बेडकाला उचलून भिंतीवर आपटते, तेव्हा त्याचा राजपुत्र होतो.

ग्रिमकडे याहून धीट मुली आहेत. आजच्या लेखिकांनी त्यांना फारसं का उचललं नाही, याचं मला कोडं पडतं. एका गोष्टीतला जादूगार किल्लीसोबत नवरीला एक अंडं देतो, आणि ते सतत जवळ बाळगायला सांगतो. दोन बहिणींचं अंडं मनाई असलेल्या खोलीत रक्तात पडतं आणि त्या मारल्या जातात. तिसरी आधी अंडं नीट ठेवून देते आणि मग दार उघडते. बहिणींचे तुकडे जुळवून त्यांना जिवंत करते. अंडं कोरं पाहून जादूगाराची तिच्यावरची सत्ता संपते. मग ती त्या दोघींना टोपलीत लपवून, ती टोपली त्याच्याच पाठीवर लादून घरी पाठवते. स्वतः मधात लोळते, पिसं चिकटवून पाखरू होते आणि वाटेत भेटलेल्या खुद्द नवऱ्यालाही ओळखू न येता निसटते.

दुसरी नवरी लग्नाच्या पंगतीत बोलते. नवरदेव दरोडेखोर आहे, माणसं मारणारा, हे तिने लपून पाहिलंय. सगळे गोष्टी सांगताहेत, तर ती म्हणते, मला एक स्वप्न पडलं. एकेक भयंकर तपशील सांगते, आणि मध्ये मध्ये नवरदेवाकडे वळून म्हणते, अहो, स्वप्नच ते. शेवटी त्या स्वप्नातलं तुटलेलं बोट काढून पाहुण्यांसमोर धरते. नवरदेव पांढराफटक.

या दोन्ही गोष्टींत खलनायक मरतो, आणि डार्क रोमान्सला तो जिवंत हवा असतो. तो मेला तर प्रेम कुणावर करायचं? वाचकांना खुनी पुरुष हवेत असा याचा अर्थ नाही. कुणीतरी ताब्यात ठेवण्याची भीती इथे वाचता येते, आणि पुस्तक मिटलं की ती तिथेच थांबते. निळ्या दाढीच्या नवरीला ती सोय नव्हती.

(दृश्य: फुटलेलं डाळिंब. लाल दाणे.)

म्हणूनच डार्क रोमान्स लिहिणाऱ्या लेखिकांची लाडकी कथा परीकथांहून जुनी आहे, ग्रीक पुराणातली. फुलं वेचणाऱ्या पर्सेफोनीला पाताळाचा राजा हेडीस पळवून नेतो. तिची आई, धान्याची देवी, पृथ्वीवर पीकच येऊ देत नाही. शेवटी तिला सोडावं लागतं. पण पाताळात खाल्लं, तर वर कायमचं राहता येत नाही. प्राचीन ग्रीक स्तोत्रात हेडीस तिला चोरून डाळिंबाचा दाणा देतो, आणि ती आईला सांगते की त्याने मला बळजबरीने खायला लावलं.

आजच्या कथांमध्ये ती दाणे समजून उमजून खाते, राणी व्हायचं म्हणून. हा आधुनिक बदल आहे असं म्हणावं, तर ओविड आडवा येतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या रोमन कवीने तिला बागेत एकटीच फिरवली. तिने स्वतः डाळिंब तोडलं, सात दाणे खाल्ले. कुणी भरवलं नाही. हे पाहणारा एकच साक्षीदार होता, आस्कालाफस. त्याने चहाडी केली आणि तिचा परतीचा रस्ता बंद झाला. तिने त्याच्यावर पाताळातल्या नदीचं पाणी उडवून त्याचं घुबड करून टाकलं.