यादीत नाव, बैठकीत खुर्ची

(दृश्य: किनाऱ्यावरचा भोंगा, मागे वस्ती)

भोंगा वाजला की निघायचं. आपत्ती व्यवस्थापनाचे कितीतरी आराखडे या एका वाक्यावर उभे असतात. त्यात एक माणूस गृहीत धरलेला असतो. त्याला ऐकू येतं, धावता येतं, इशाऱ्याची भाषा कळते आणि त्याच्या कडेवर कुणी नसतं. बाकीचे सगळे शेवटच्या पानावर, ‘विशेष लक्ष द्यावे’ या शेऱ्याखाली.

एप्रिल १९९१. बांगलादेशच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, आणि त्यांत बायका-मुलांचं प्रमाण फार मोठं होतं. इशारा दिलाच नव्हता, असं नाही. पण कित्येक घरांत बाई नवऱ्याच्या परवानगीची वाट बघत थांबली. निवारा गाठावा, तर तिथे परक्या पुरुषांची दाटी. वेगळी जागा नाही, वेगळं शौचालय नाही. अंगावर साडी, हाताशी मुलं, आणि पाणी चढतंय. यातलं काहीही वाऱ्याच्या वेगावरून कळलं नसतं.

(दृश्य: हातात मेगाफोन घेतलेली स्वयंसेविका)

त्या देशाच्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमात आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या स्त्रिया आहेत. पुरुष स्वयंसेवक अंगणातून हाक मारतो. ही आत जाते, सासूशी बोलते, गरोदर सुनेला आधी हलवते. २००७च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं दगावली, २०२०च्या अम्फानमध्ये बांगलादेशातला आकडा दोन अंकी राहिला. श्रेय एकट्या स्वयंसेविकांचं नाही. निवारे वाढले, बांध उभे राहिले, अंदाज सुधारले. पण निवाऱ्यापर्यंत माणूस पोचवणं, हे काम बांधकाम खातं करत नाही.

जपानकडे तर पैसा होता, यंत्रणा होती, सरावही होता. तरीही मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीत अपंग व्यक्तींचा मृत्युदर इतरांच्या जवळपास दुप्पट निघाला. मृतांत साठीपुढच्यांची संख्या निम्म्याहून जास्त होती. २०१३मध्ये कायदा बदलला आणि मदतीची गरज असलेल्यांची यादी ठेवणं स्थानिक प्रशासनाला बंधनकारक झालं. पण यादी कपाटात असते आणि पाणी दारात. म्हणून २०२१मध्ये पुढचं पाऊल पडलं: प्रत्येकासाठी वेगळी योजना करावी, म्हणजे याला न्यायला कोण येणार आणि कुठे नेणार, हे आधीच ठरवावं. ते आधी ठरवायचं तर त्या माणसाशी बोलावंच लागतं. आमच्या मते या बदलातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

२०१३मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगभरातल्या अपंग व्यक्तींना विचारलं, अचानक बाहेर पडायची वेळ आली तर जमेल का? विनाअडचण लगेच निघू शकू, असं म्हणणारे फक्त २० टक्के होते.

(दृश्य: खांबांवर उभारलेला निवारा, आत जायला जिना)

मार्च २०१५मध्ये १८७ देशांनी सेंदाई आराखडा, म्हणजे आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आराखडा, स्वीकारला. धोक्याचा अंदाज घेताना आणि योजना आखताना अपंग व्यक्ती आणि त्यांच्या संघटना सोबत असाव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हे पाळलं जातं, पण बऱ्याचदा समितीत एक नाव घालण्यापुरतं.

आणि खरंच बोलावलं तर? चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती नकाशा बघते आणि पहिला प्रश्न जिन्याचा विचारते. उतार बांधकामाबरोबरच केला तर खर्च थोडा; नंतर तोडफोड करून करायचा तर खर्च मोठा. बहिरी व्यक्ती विचारते, भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा का नाही? मोबाइलवर लेखी इशारा का नाही? डायलिसिसवरचा रुग्ण विचारतो, निवाऱ्यात वीज किती तास राहील, आणि त्यानंतर मला कुठे नेणार? परप्रांतातून आलेला मजूर म्हणतो, इशारा मला कळेल अशा भाषेत द्या. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये परदेशी रहिवाशांसाठी सोप्या जपानीत सूचना देण्याची पद्धत पुढे आली, ती याच अडचणीतून.

(दृश्य: भरदुपारी चाललेली रंगीत तालीम)

रंगीत तालीम बहुधा दिवसाढवळ्या होते, धडधाकट माणसांची होते, आणि घड्याळ लावून ‘यशस्वी’ जाहीर होते. पुढची तालीम रात्री घ्यावी, दिवे घालवून. पहिला माणूस किती मिनिटांत पोचला, ते मोजू नये. शेवटचा कधी पोचला आणि त्याला कुणी आणलं, हे लिहून ठेवावं.