गालाच्या अस्तराचा चार मायक्रॉनचा काप

(पडद्यावर : मायक्रोटोमच्या, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्राच्या, पात्यावरून उतरणारी मेणाची रिबन)

पात्यावरून उतरणारी ही पांढुरकी रिबन मेणाची आहे. तिच्यातला करडा ठिपका म्हणजे माणसाच्या गालाच्या आतलं अस्तर. कापाची जाडी ४ मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबडी रक्तपेशी याच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते. काप जाड झाला तर पेशींवर पेशी दिसतात आणि थर मोजता येत नाहीत. अभिस्तर ऊतीचा, म्हणजे अवयवांच्या पृष्ठभागावरच्या या पेशीथराचा, प्रकार ठरतो तो थरांची संख्या आणि पेशींचा आकार पाहूनच.

(बरणीतला तुकडा, जवळून)

तुकडा आला आहे गालावरच्या पांढऱ्या चट्ट्यातून. पुसून न निघणारा चट्टा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुन्याची गोळी अजून अनेकांच्या गालात असते, आणि चट्टा बहुतेकदा तिथंच उठतो. डॉक्टरांनी तुकडा चट्ट्याच्या कडेवरून, थोडं निरोगी अस्तर घेऊन काढला आहे. काढल्याबरोबर तो आक्रसतो, वळतो. म्हणून आधी फिल्टर पेपरवर सपाट पसरायचा आणि मग १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावात, सोडायचा. फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच सडू लागतो. पेशी स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइमनी) विरघळतात आणि पुढं कोणी कितीही कौशल्य लावलं तरी त्या परत येत नाहीत.

(अल्कोहोलची भांडी, वितळलेलं मेण)

पुढं पाणी काढायचं. ७० टक्के अल्कोहोल, मग ९५, मग शुद्ध. नंतर अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारं झायलीन, नंतर साधारण ६० अंशांवर वितळलेलं मेण. पाणी राहून गेलं तर मेण आत शिरत नाही, गाभा मऊ राहतो आणि कापताना तुकडा मेणाच्या ब्लॉकमधून निसटतो.

आता हा हात पाहा. चिमट्यात धरलेला तुकडा तंत्रज्ञ साच्यात कडेवर उभा करतो आहे. सगळ्या कामातली कळीची पायरी हीच. तुकडा आडवा पडला तर पातं अस्तराला तिरकं छेदतं. अभिस्तराची खाली उतरलेली टोकं मग सुटी बेटं होऊन दिसतात, पेशी खोल घुसल्याचा भास होतो आणि निदान चुकू शकतं. उभ्या तुकड्यात तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे थर एका रेषेत येतात.

रिबन ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यावर तरंगते, चुण्या उलगडतात. पाणी जास्त तापलं तर मेण वितळून ऊती फाकते. मग रंग द्यायचा : हिमॅटॉक्सिलिन, आम्लयुक्त अल्कोहोलची एक बुडी, नळाचं पाणी, शेवटी दुसरा रंग इओसिन. केंद्रकं निळी, बाकीचं गुलाबी.

(सूक्ष्मदर्शकातून)

हा निरोगी गाल : स्तरित पट्टकी, म्हणजे अनेक थरांचा, वर चपट्या पेशी असलेला अभिस्तर. तळाला आधारपटलावर, म्हणजे अभिस्तराखालच्या पातळ पडद्यावर, उभ्या, गडद पेशींची एकच रांग. वर जाताना पेशी पसरट होतात. अगदी वरच्या पेशीतही केंद्रक शाबूत आहे, कारण इथं केराटिनचा, म्हणजे नखांतल्यासारख्या कठीण प्रथिनाचा, थर नसतो. घास चावताना घासल्या जाणाऱ्या हिरड्या आणि टाळूवर मात्र तो असतो.

जिथं जसं काम, तिथं तसा अभिस्तर. फुप्फुसाच्या वायुकोशात एकच चपटा थर, त्यातून ऑक्सिजन लगेच पार होतो. मूत्रपिंडाच्या नलिकेत घनाभरूप (ठोकळ्यासारख्या) पेशी, आतड्यात शोषणासाठी उंच स्तंभीय. श्वासनलिकेत रोमक, म्हणजे बारीक केसांसारखे तंतू असलेला; सगळ्या पेशी एकाच आधारपटलावर, पण केंद्रकं वरखाली असल्यानं थर अनेक वाटतात. मूत्राशयात, तो भरला की ताणला जाणारा संक्रामी, म्हणजे रूप बदलणारा, अभिस्तर.

(चट्ट्याची स्लाइड)

आणि हा आपला तुकडा. गालावर, जिथं नसायला हवा, तिथं केराटिनचा जाड गुलाबी थर. खाली केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी. विभाजन एरवी तळाशी चालतं, इथं ते वरच्या थरांतही दिसतंय. बिघाड तळाच्या एक-तृतीयांशात असेल तर सौम्य, दोन-तृतीयांशापर्यंत मध्यम, त्याहून वर तीव्र. आधारपटल अजून अखंड आहे. अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. पटल फुटलं की पेशींना खालच्या वाहिन्या सापडतात, आणि तो कर्करोग.

(तपासणीचा फॉर्म)

म्हणून फॉर्मवरचा हा रकाना रिकामा सोडू नये : तुकडा कुठून घेतला. टाळूवरचा केराटिन निरोगी असतो, गालावरचा तसाच थर दखल घेण्याजोगा. नुसतं ‘तोंड’ लिहून आलेल्या बरणीवरून प्रयोगशाळेला हा फरक करता येत नाही. डावा गाल की उजवा, पुढं की मागं, एवढं लिहायचं.