खोड जाड असलेलं झाड

इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर घेतलेल्या बहुतेकांनी अल्गोरिदमचं ते जाडजूड पुस्तक हाताळलेलं असतं. आपल्याकडे त्याला सगळे नुसतं 'कॉर्मेन' म्हणतात. पण १९९० च्या पहिल्या आवृत्तीवर तीन नावं होती, आणि मधलं नाव होतं चार्ल्स लाइसरसन. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्रोफेसर. कॉर्मेन त्यांच्याच हाताखाली पीएचडी झाले. पुस्तकामुळे नाव माहीत असतं, पण या माणसाचं मोठं काम त्या पुस्तकाच्या बाहेर आहे आणि ते रोज आपल्या उपयोगी पडतं.

प्रश्न असा होता. हजार प्रोसेसर, म्हणजे हिशोब करणाऱ्या चिप, एका मशीनमध्ये बसवले म्हणून काम हजार पट लवकर होतं का? नाही होत. कारण त्यांना एकमेकांशी सारखं बोलावं लागतं, बोलायला वायरी लागतात आणि वायरी जागा खातात. प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत वायर टाकायची म्हटलं तर हजार प्रोसेसरना जवळजवळ पाच लाख वायरी होतात.

मग झाडासारखी जोडणी करायची. कॉम्प्युटरवाले कागदावर झाड उलटं काढतात, मूळ वर आणि पानं खाली, आणि सगळ्या फांद्या एकसारख्या बारीक रेघा असतात, पानांच्या जागी प्रोसेसर. आता डाव्या बाजूच्या सगळ्यांना उजव्या बाजूच्यांशी एकदम बोलायचं असेल तर सगळे मेसेज वरच्या त्या एका बारीक रेघेवर येऊन तुंबणार.

१९८५ च्या शोधनिबंधात लाइसरसननी सांगितलं ते अगदी साधं आहे. खरं झाड असं नसतंच. अंगणातला आंबा बघा, डहाळी बोटाएवढी, फांदी मांडीएवढी आणि खोडाला दोन माणसांनी कवेत घ्यावं लागतं. तसंच नेटवर्कमध्ये पानांकडून मुळाकडे जाताना वाट रुंद करत न्यायची. याला नाव पडलं फॅट-ट्री. आणि नुसती कल्पना मांडून ते थांबले नाहीत, त्यांनी गणिताने सिद्ध केलं की तेवढ्याच जागेत मावणारं दुसरं कुठलंही नेटवर्क आणा, फॅट-ट्री त्याचं काम करून दाखवेल आणि फारसं मागे पडणार नाही. मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण पुढे कोण कसलं नेटवर्क शोधेल हे माहीत नसतानाही हे उत्तर आधीच देऊन ठेवलेलं आहे.

स्क्रीनवर ही लाल दिव्यांची काळी कपाटं दिसतायत ना, ते कनेक्शन मशीन सीएम-५. १९९१ साली थिंकिंग मशीन्स कंपनीने आणलं, आत फॅट-ट्री. जून १९९३ मध्ये जगातल्या टॉप ५०० सुपरकॉम्प्युटरची पहिलीच यादी निघाली आणि तिच्यात पहिला नंबर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या सीएम-५ चा. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं. झाड मात्र टिकलं. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या संशोधकांनी ४८ पोर्टचे, म्हणजे ४८ वायरी जोडता येतील असे, साधे स्वस्त नेटवर्क स्विच घेऊन त्याच कल्पनेवर २७,६४८ सर्व्हर जोडता येतात हे मांडलं, आणि २०१८ चा नंबर एक सुपरकॉम्प्युटर समिट, त्याच्यातही फॅट-ट्रीच.

वायरी झाल्या. आता काम कोणी किती करायचं?

लग्नघरात पाच बायका मेथी निवडायला बसल्यात. प्रत्येकीसमोर जुड्यांचा ढीग. जी ती आपल्या ढिगातली वरची जुडी सोडते आणि काडी काडी निवडत बसते. एकीचं संपलं की ती कोणाला विचारत बसत नाही, शेजारणीच्या ढिगातली तळाची अख्खी, न सोडलेली जुडी ओढून घेते. दोघींचे हात एकमेकींना लागत नाहीत आणि अख्खी जुडी मिळाल्यामुळे तिला लगेच परत उठावं लागत नाही. लाइसरसन आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट ब्लुमॉफ यांनी १९९४ मध्ये नेमकं हेच प्रोसेसरसाठी मांडलं, फक्त कोणाकडून घ्यायचं ते तिथे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. नाव वर्क-स्टीलिंग, म्हणजे कामाची चोरी, आणि यात वेळ फार वाया जात नाही हेही त्यांनी सिद्ध केलं. त्यांच्या एमआयटीतल्या ग्रुपच्या सिल्क या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ते चालू झालं, आज जावा या भाषेत आहे, गो या भाषेत आहे, म्हणजे कोड लिहिणारे कितीतरी जण ते रोज नाव न घेता वापरतात.

२०२० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात एक हिशोब छापला. ४०९६ बाय ४०९६ च्या दोन मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा गुणाकार, पायथॉन या भाषेत साधा लिहिला तर जवळपास सात तास. तोच सी या भाषेत लिहिला तर ४७ पट फास्ट. मग काम चिपमधल्या सगळ्या कोअरमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या भागांमध्ये, वाटलं, मेमरीचा विचार करून तुकडे पाडले, चिपच्या खास सूचना वापरल्या, आणि वेळ आला ०.४१ सेकंद. मशीन तेच, एक रुपयाचं नवं हार्डवेअर नाही.

हाच गुणाकार ते वर्गात शिकवतात. २०१८ च्या कोर्सची लेक्चर्स एमआयटीने फुकट ठेवलीयत, पहिलंच लेक्चर याच्यावर आहे आणि शिकवायला स्वतः लाइसरसन उभे आहेत.